ल्यूसी, गिलिगन आणि अकरा सेंटचा चेक : जुन्या मालिका पुन्हा दाखवल्या की नटांना काय मिळायचं?

गच्चीवरचा (धागाकर्ता)

परवा रात्री झोप येईना म्हणून 'आय लव्ह ल्यूसी' या जुन्या अमेरिकन विनोदी मालिकेचा एक भाग लावला. तोच, चॉकलेटच्या कारखान्यातला. पट्ट्यावरून चॉकलेटं भराभर येतायत, गुंडाळायला हात पुरत नाहीत, म्हणून ल्यूसी आणि एथेल ती तोंडात, टोपीत, झग्याच्या गळ्यात कोंबतायत. १९५२ सालचा भाग. आई पाणी प्यायला उठली होती, ती येऊन शेजारी बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. इंग्रजी तिला कळत नाही, या भागात कळायची गरजही नाही.

मग म्हणाली, "अजून दाखवतात म्हणजे या बायकांना अजून पैसे मिळत असतील की."

मी म्हटलं, अगं, दोघीही कधीच गेल्या.

"मग त्यांच्या मुलांना."

मला उत्तर देता येईना. दोन रात्री शोधाशोध केली. जे सापडलं ते इतकं चक्रावणारं आहे की धागा काढल्याशिवाय राहवलं नाही.

आधी ल्यूसीचंच. १९५१ साली अमेरिकेत बहुतेक कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट व्हायचे. नट कॅमेऱ्यासमोर काम करायचे, त्याच क्षणी लोक घरी बघायचे, संपलं. दुसऱ्या किनाऱ्यासाठी पडद्यासमोर कॅमेरा ठेवून एक धुरकट प्रत काढत, तिला किनेस्कोप म्हणत. ल्यूसिल बॉल, म्हणजे ल्यूसी, आणि तिचा नवरा देसी अर्नाझ यांना हॉलिवूड सोडायचं नव्हतं, आणि पूर्वेकडच्या लोकांना धुरकट प्रत दाखवायला प्रायोजक तयार नव्हता. तोडगा असा निघाला की मालिका सरळ ३५ मिलीमीटरच्या फिल्मवर, तीन कॅमेरे लावून, प्रेक्षकांसमोर चित्रित करायची. खर्च वाढणार होता. देसीने सांगितलं, आमच्या मानधनातून आठवड्याला १००० डॉलर कापा, पण फिल्मची मालकी आमच्या 'देसीलू' कंपनीची राहील. सीबीएस वाहिनीने खुशाल दिली. एकदा दाखवून झालेल्या कार्यक्रमाचं रीळ कोण विचारतो, असा तो काळ!

पुढच्याच वर्षी ल्यूसीला दिवस गेले. बाळंतपणाच्या काळात नवे भाग कमी पडले म्हणून जुनेच भाग पुन्हा लावले, आणि लोकांनी ते तितक्याच आवडीने पाहिले. १९५७ साली सीबीएसने तेच हक्क देसीलूकडून परत विकत घेतले. ४५ ते ५० लाख डॉलर असा आकडा वाचायला मिळतो. त्याच सुमारास या नवराबायकोने आरकेओ हा अख्खा स्टुडिओ घेतला.

म्हणजे ल्यूसीला रिपीटचे पैसे मिळाले ते मालकीण म्हणून. पण जे नुसते नट होते त्यांचं काय? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बे_एके_बे

प्रश्नच कळला नाही. आमच्या सोसायटीच्या सुताराने २००९ साली मला पलंग करून दिला. मी त्यावर रोज झोपतो. त्याला रोज पैसे देऊ का? काम केलं, ठरलेले पैसे घेतले, विषय संपला. नटांना वेगळा न्याय कशासाठी?

खारीबिस्किट

वाचतोय. पलंगाचं उदाहरण भारी. :)

जुना_ॲंटेना

बे_एके_बे, नेमका हाच युक्तिवाद तिथले निर्माते करायचे. नटांच्या युनियनने त्याला जे उत्तर दिलं ते ऐका.

थेट प्रक्षेपणाच्या काळात कार्यक्रम पुन्हा हवा असेल तर नटाला पुन्हा बोलवावं लागायचं, म्हणजे पुन्हा पैसे. फिल्म आल्यावर ती गरज संपली. शिवाय उन्हाळ्यात जो वेळ नव्या कार्यक्रमांनी भरायचा तो जुनी रिळं लावून भरता येऊ लागला. म्हणजे नटाची स्पर्धा दुसऱ्या नटाशी नाही, स्वतःच्याच गेल्या वर्षीच्या कामाशी! तुमच्या सुताराने केलेला पलंग रोज रात्री स्वतःहून पिल्लं घालू लागला आणि त्यामुळे गावातल्या सगळ्या सुतारांचं काम बंद पडलं, तर मग तुलना जुळेल.

स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड या नटांच्या युनियनने १९५२ पासून मालिकांच्या रिपीटचे पैसे करारात आणले. याला तिथे रेसिड्युअल म्हणतात. पण त्यात एक पाचर होती. पहिल्या मोजक्या रिपीटपुरतेच पैसे, पुढे मालिका शंभरदा दाखवा नाहीतर हजारदा, नटाला काही नाही. तेव्हा कोणाला ते खटकलंही नाही. एकच भाग पाच-सहा वेळांहून जास्त कोण बघणार, असं दोन्ही बाजूंना प्रामाणिकपणे वाटत होतं.

ही मर्यादा उठली १९७४ च्या करारात. तेव्हापासून दाखवाल तितक्या वेळा पैसे, कायमचे. पण नव्या कामाला. मागचं ते मागे राहिलं.

आता जरा आठवा, आपण ज्यांना 'जुन्या मालिका' म्हणतो त्या कधीच्या. 'गिलिगन्स आयलंड' १९६४ ते ६७. 'स्टार ट्रेक' १९६६ ते ६९. 'ब्रेडी बंच' १९६९ ते ७४. सगळ्या रेषेच्या अलीकडच्या. आणि रिपीटवर सगळ्यात जास्त चाललेल्या मालिकाही याच! शाळा सुटल्यावर पोरं घरी येतात त्या वेळेला स्थानिक वाहिन्या वर्षानुवर्षं याच लावायच्या.

'स्टार ट्रेक'ची गंमत बघा. ७९ भाग करून १९६९ मध्ये बंद केली, कारण बघतंय कोण. तिचा खरा प्रेक्षक तयार झाला सत्तरच्या दशकात, रिपीटवर. त्याच काळात कॅप्टन कर्क, म्हणजे विल्यम शॅटनर, घटस्फोटानंतर हातात पैसा नाही म्हणून ट्रकवर बसवलेल्या केबिनमध्ये राहत होता आणि गावोगाव नाटकं करत होता. हे त्यानेच नंतर सांगितलंय. घराघरात यानाचा कप्तान आणि स्वतः ट्रकच्या टपात. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायची. आमच्या चाळीत एकच टीव्ही, अठरा पोरं, आणि मिस्टर स्पॉकचे कान खरे की खोटे यावर मारामाऱ्या. त्या स्पॉकला, लेनर्ड निमॉयला, स्वतःचा चेहरा छापलेल्या वस्तूंच्या पैशांसाठी पॅरामाउंट स्टुडिओवर दावा लावावा लागला होता. १९७९ चा सिनेमा करायच्या आधी तो मिटवला गेला.

अवांतर : ही 'स्टार ट्रेक' उभी केली देसीलूने. ल्यूसीच्या स्टुडिओने.

गच्चीवरचा

जुना_ॲंटेना, दंडवत! ल्यूसी आणि स्पॉक एका घरचे हे मला माहीतच नव्हतं.

तिसरी_घंटा

नाटकवाल्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. आम्हाला नाइट मिळते, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन. प्रयोग झाला की नाइट. पाचशेवा प्रयोग असला तरी नाइट, कारण पाचशेव्यांदाही आपणच उभं राहायचं असतं. कॅमेऱ्यापुढे पहिल्यांदा काम केलं तेव्हा माझ्या डोक्यात हेच गणित होतं, की दुपारी पुन्हा दाखवतात तर अर्धी नाइट तरी देतील. प्रॉडक्शनच्या मुलाने माझ्याकडे असं काही पाहिलं की विचारू नका. त्यावर सविस्तर नंतर लिहिते, आत्ता दौऱ्यावर आहे, बसमध्ये नेट जातंय.

पसाडेनाकर

नेहमी वाचनमात्र असतो, पण या धाग्यावर लिहिणं माझं कर्तव्य आहे, कारण मला रेसिड्युअल मिळतं. हसू नका. खरंच मिळतं.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी इथे अमेरिकेत एका गुन्हेगारी मालिकेत मोटेलच्या काउंटरवरच्या माणसाचं काम मिळालं. त्यांना हिंदुस्थानी दिसणारा माणूस हवा होता, मी मित्राबरोबर सहज गेलो होतो, मित्र राहिला आणि मला घेतलं. एक दिवस, एक ओळ. ओळ असल्यामुळे मी 'बोलणारा नट' झालो आणि माझ्यासाठी युनियनचे कागद भरले गेले. नुसता मागून चालत गेलो असतो तर रेसिड्युअल शून्य. मागे उभ्या राहणाऱ्या गर्दीला ते नसतंच. पूर्ण दिवस घामाघूम होऊन पळणारा माणूस बाद आणि एक वाक्य बोलणारा मी कायमचा वारसदार.

आता हिशोब कसा चालतो ते सांगतो, कारण लोकांना वाटतं की मालिकेने कमावलेल्या पैशांतला वाटा मिळतो. तसं नाही. त्याच नेटवर्कवर रात्रीच्या मुख्य वेळेत भाग पुन्हा दाखवला तर जवळजवळ पहिल्या दिवसाइतके पैसे मिळतात. मला ते एकदा मिळाले, त्यात आम्ही फ्रिज घेतला. पुढे मालिका गावोगावच्या वाहिन्यांना विकली गेली की घसरगुंडी सुरू होते. तिथे दुसऱ्या खेपेला युनियनने ठरवलेल्या किमान दराच्या ४० टक्के, तिसऱ्याला ३०, असं उतरत उतरत तेराव्या खेपेपासून पुढे कायम ५ टक्के. यातली मेख 'किमान दर' या शब्दात आहे. मुख्य नटाने एका भागाचे लाखो घेतले असतील, पण ही टक्केवारी त्या लाखांवर चालत नाही. केबलवर गेली की पद्धत आणखी वेगळी, वितरकाच्या उत्पन्नातला एक ठरावीक टक्का सगळ्या नटांत मिळून वाटायचा. त्या वाटपात माझ्या वाट्याला काय येतं ते मी तुम्हाला दाखवू शकतो.

समोर पाकीट ठेवून लिहितोय. युनियनमार्फत येतं, पुढे पारदर्शक खिडकी, आत लांबट कागद, त्याच्या खालच्या भागाला चेक. वरच्या भागात बारीक अक्षरांत मालिकेचं नाव, भागाचा क्रमांक, कुठे दाखवला, ढोबळ रक्कम, मग कर कापल्याच्या तीन ओळी. या खेपेला ढोबळ १४ सेंट. कापाकापी होऊन हातात ११. पाकिटावरचं टपाल याच्या कितीतरी पट.

हा चेक मी वटवलेला नाही. फ्रिजवर चिकटवलाय. त्याच फ्रिजवर.

खारीबिस्किट

हाहाहा. पण ओळ काय होती?

बे_एके_बे

पसाडेनाकर, लेखापाल म्हणून सांगतो, तो चेक वटवा. कोणाच्या तरी खात्यावर ११ सेंट कायमचे येणे दिसत राहतील आणि तिथल्या कारकुनाची झोप उडेल.

पलंगाचं मागे घेतो, पूर्ण नाही, अर्धं. स्वतःच्या जुन्या कामाशी स्पर्धा हा मुद्दा पटला. पण मग १९७४ च्या आधीच्यांचं नुकसान हा अन्याय कसा? करार वाचून सही केली ना? भाव वाढेल हे दोघांनाही माहीत नव्हतं. उद्या माझ्या विकलेल्या प्लॉटवरून मेट्रो गेली तर मी नव्या मालकाकडे वाटा मागायला जाऊ का?

गच्चीवरचा

बे_एके_बे, 'माहीत नव्हतं' एवढं सरसकट नाही म्हणता येणार. एका घरात तरी माहीत होतं.

'हनीमूनर्स' नावाची मालिका होती, जॅकी ग्लीसनची. ब्रुकलिनमधला बस ड्रायव्हर, त्याची बायको, वर राहणारं शेजारी जोडपं. १९५५-५६ च्या हंगामात ३९ भाग फिल्मवर झाले आणि ते अक्षरशः दशकानुदशकं चालले. बायकोचं काम करायची ऑड्री मेडोज. तिचा भाऊ वकील. त्याने करारात एक ओळ घालायला लावली, की हे भाग पुन्हा दाखवले तर हिला पैसे द्यायचे. समोरच्यांनी काही खळखळ केली नाही, पुन्हा कोण दाखवणार! पुढे चौघांपैकी त्या ३९ भागांच्या रिपीटचे पैसे घेत राहिली ती ऑड्री मेडोज. शेजारणीचं काम करणाऱ्या जॉइस रँडॉल्फला त्या भागांचं काही मिळालं नाही. ती २०२४ पर्यंत जगली. म्हणजे जवळपास ६८ वर्षं स्वतःला फुकट बघत होती.

आईला हे सांगितलं. तिचं म्हणणं, "म्हणून घरात एक तरी वकील असावा." रोख माझ्यावर होता. मी इंजिनियर आहे.

जुना_ॲंटेना

बे_एके_बे, मेट्रोवरून आठवलं. तुमचा मुद्दा हॉलिवूडमध्ये खरोखर निकाली निघालेला आहे, आणि तो तुमच्या बाजूने.

१९६० सालचा संप. सिनेमावाल्या स्टुडिओंनी जुने चित्रपट टीव्हीला विकायला काढले होते आणि नटांना त्यातलं काही देत नव्हते. ७ मार्चला नट संपावर गेले, १८ एप्रिलला तोड निघाली. युनियनचा अध्यक्ष होता रोनाल्ड रेगन. तोच, पुढे व्हाइट हाउसमध्ये गेलेला. पुढे कामगार संघटनांच्या विरोधात राजकारण केलेल्या माणसाने स्वतः एक संप चालवला होता ही माझी आवडती गोष्ट आहे. तोड अशी, की १९६० पासून पुढच्या चित्रपटांना टीव्हीवर दाखवल्याचे पैसे. आधीच्या चित्रपटांवर नटांनी पाणी सोडायचं, त्याबदल्यात स्टुडिओंनी २२.५ लाख डॉलर एकरकमी द्यायचे, त्यातून पेन्शन आणि आरोग्य विम्याचा निधी सुरू करायचा.

तरुण नटांना ते सोन्यासारखं वाटलं. तीस-चाळीसच्या दशकात नाव कमावलेले म्हातारे मात्र भडकले. त्यांचेच सिनेमे रोज रात्री टीव्हीवर, आणि त्यांच्याच अध्यक्षाने ते सोडून दिलेले. पण तो विमा नंतर किती फाटक्या नटांच्या ऑपरेशनला उपयोगी पडला असेल, तेही धरायला हवं. मला अजून ठरवता आलेलं नाही की तो सौदा चांगला की वाईट.

पसाडेनाकर

प्लॉटचा विषय निघालाच आहे तर ही घ्या.

'ब्रेडी बंच'मधली मधली मुलगी, जॅन. ते काम करायची ईव्ह प्लम्ब. वय ११. १९६९ मध्ये तिच्या कमाईतून मॅलिबूला अगदी समुद्राला लागून एक छोटं घर घेतलं, ५५,३०० डॉलरला. मालिकेच्या रिपीटचे पैसे त्या सगळ्या मुलांना थोडेच मिळाले आणि थांबले. ते घर तिने २०१६ मध्ये विकलं ३९ लाख डॉलरला.

माझी सासू (डोंबिवली) हे ऐकून म्हणाली, मुलीच्या आईवडिलांना नमस्कार सांग.

तिसरी_घंटा

पोचले. इस्लामपूरचा प्रयोग झाला, नाइट मिळाली. :)

आपल्याकडचं लिहिते. मालिकेत आम्हाला पर डे मिळतो. महिन्यात जितके दिवस शूटिंग लागलं तितके पर डे, आणि ते पैसे ९० दिवसांनी. करारात एक परिच्छेद असतो, तो सगळ्यांचा सारखाच, की आजवर निघालेल्या आणि पुढे निघतील त्या सर्व माध्यमांत, संपूर्ण विश्वात, कायमसाठी हक्क दिले. 'विश्वात' असं खरंच लिहिलेलं असतं. मी एकदा विचारलं, मंगळावर दाखवली तर? तिथला मुलगा म्हणाला, ताई, सही करा, गाडी थांबलीय.

टाळेबंदीत आम्ही सगळे घरी. शूटिंग बंद म्हणजे पर डे बंद. आणि त्याच वेळी एका वाहिनीने माझी आठ वर्षांपूर्वीची मालिका रोज दुपारी लावली. शेजारच्या काकू गॅलरीतून ओरडून सांगायच्या, "आज फार छान रडलीस गं!" मी त्या वेळी वाण्याच्या उधारीची वही बघत होते. खोटं सांगत नाही.

वर जुना_ॲंटेना यांनी 'स्वतःच्याच गेल्या वर्षीच्या कामाशी स्पर्धा' म्हटलंय ना, ते मला तेव्हा शब्दशः दिसलं. माझ्या जागी मीच काम करत होते, फुकट.

खारीबिस्किट

"गाडी थांबलीय." :(

कलम_कसाई

पेशाने वकील, म्हणून गच्चीवरचा यांच्या मातोश्रींना साष्टांग.

आपल्याकडे कायदाच नाही असं समजू नका. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार-संगीतकारांसाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले, ते बहुतेकांना आठवतं. त्याच दुरुस्तीत ३८-अ हे कलम आलं. त्याचा सारांश असा की, कलाकाराने चित्रीकरणाला लेखी संमती दिली की निर्मात्याला हक्क वापरायला तो अडवू शकत नाही, पण त्या कामाचा व्यावसायिक वापर झाला तर कलाकाराला रॉयल्टीचा अधिकार आहे. 'कलाकार' या व्याख्येत नट येतो.

गायकांनी ते कलम उचललं, २०१३ मध्ये इंडियन सिंगर्स राइट्स असोसिएशन काढली आणि वसुली सुरू केली. नटांकडे तसा दर ठरवणारा आणि दारोदार जाऊन पैसे गोळा करणारा सामूहिक करार नाही. अमेरिकेत रेसिड्युअल कायद्याने आलेलं नाही, हे लक्षात घ्या. ते युनियनच्या करारातून आलंय. कलम कपाटात राहतं, करार घरी पाकीट पाठवतो.

२८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा लावलं. १९८७-८८ ची मालिका, ७८ भाग. १६ एप्रिलच्या भागाला ७.७ कोटी लोकांनी पाहिलं असा दूरदर्शनचाच दावा होता. १९८७ च्या करारांत रिपीटची ओळ घालणारा वकील-भाऊ किती जणांना होता, हा विचार मी तेव्हा रोज सकाळी नऊला करायचो. बायको म्हणायची, गप्प बस, हनुमान येतोय.

लीड्सची_लीला

इकडची, म्हणजे ब्रिटनची गोष्ट वेगळीच आहे आणि जरा उलटी.

इथे नटांच्या युनियनने, इक्विटीने, आधीपासूनच रिपीटला विरोध केला होता, कारण तोच. जुनं दाखवत बसाल तर नवं काम कुठून येणार? त्यामुळे करारात रिपीटची संख्या आणि मुदत बांधलेली असायची, त्यापुढे दाखवायचं तर पुन्हा वाटाघाटी आणि पुन्हा पैसे. साठच्या दशकात व्हिडिओ टेप महाग, ठेवायला जागा नाही, आणि मुदत संपलेला कार्यक्रम दाखवताही येत नाही. मग बीबीसीने काय केलं असेल? टेप पुसल्या. त्यावर दुसरं काहीतरी चित्रित केलं.

'डॉक्टर हू'चे नव्वदहून जास्त कृष्णधवल भाग त्यामुळे आज नाहीत. गंमत म्हणजे परदेशी वाहिन्यांना पाठवलेल्या फिल्मच्या प्रती कुठे कुठे धूळ खात पडल्या होत्या, २०१३ मध्ये त्यातले ९ भाग नायजेरियात सापडले. आवाज मात्र सगळ्या भागांचा आहे, कारण तेव्हाची पोरं टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर धरून बसायची.

पुसण्याला एकटी युनियन जबाबदार नव्हती. रंगीत टीव्ही आल्यावर कृष्णधवलला कोणी विचारत नव्हतं हेही होतंच. पण ज्या करारामुळे नटाला रिपीटचे पैसे मिळणार होते त्याच करारामुळे रिपीट करायला काही उरलंच नाही, हे मला फार विचित्र वाटतं.

बे_एके_बे

लीला, हे वाचून मी पुन्हा पलंगावर येऊन बसलोय.

बरं, 'फ्रेंड्स'वाल्यांचं काय? त्यांना वर्षाला कोट्यवधी मिळतात असं ऐकतो. ते ५ टक्क्यांत कसं बसतं?

पसाडेनाकर

ते रेसिड्युअल नव्हे, तो नफ्यातला वाटा. दोन्ही शब्द बातम्यांत एकत्र कालवतात. रेसिड्युअल युनियनच्या करारातून प्रत्येक बोलणाऱ्या नटाला मिळतं, मलासुद्धा. वाटा मात्र स्वतःच्या वजनावर भांडून घ्यावा लागतो.

'फ्रेंड्स'च्या सहाजणांना सुरुवातीला भागाचे २२,५०० डॉलर मिळायचे. मग त्यांनी ठरवलं की यापुढे सहाही जण एकत्रच बोलणी करणार, कोणाला कमी-जास्त नाही. २००० च्या सुमारास त्यांनी रिपीटच्या उत्पन्नात वाटा मिळवला, शेवटच्या दोन हंगामांत भागाला १० लाख डॉलर हे वेगळं. सहाजण एकदम निघून गेले तर मालिकाच उरत नाही, हे त्यांचं वजन.

'साइनफेल्ड'मध्ये ते जमलं नाही. जॉर्ज, इलेन आणि क्रेमर या तिघांनी शेवटच्या हंगामासाठी भागाला ६ लाखांपर्यंत भाव नेला, पण रिपीटमधला वाटा मागितला तो नाकारला गेला. मोठा वाटा राहिला मालिका उभी करणाऱ्या जेरी साइनफेल्ड आणि लॅरी डेव्हिडकडे. आणि रिपीटवर त्या मालिकेने जे पैसे ओढले त्यापुढे ६ लाख म्हणजे चहापाणी. जॉर्जचं काम करणाऱ्या जेसन अलेक्झांडरने ही खंत उघड बोलून दाखवलीय. ल्यूसीने आठवड्याला १००० सोडून मालकी घेतली. या तिघांनी मालकी मागितली तेव्हा त्यांच्या हातात रोख ठेवली.

जुना_ॲंटेना

पसाडेनाकर, स्ट्रीमिंगवर तुमची ती 'खेप' कशी मोजतात? तिथे तर रिपीट असं काही नसतंच.

पसाडेनाकर

मोजतच नाहीत, भांडण तिथेच आहे. वाहिनीवर दाखवलं की तारीख, वेळ, खेप असते. स्ट्रीमिंगवर मालिका नुसती पडून असते, एकाने बघितली काय आणि पाच कोटींनी काय, नटाला ठरावीक रक्कम. २०२३ मध्ये 'सूट्स' ही जुनी मालिका अमेरिकेत ५७.७ अब्ज मिनिटं बघितली गेली, प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नील्सन कंपनीचा आकडा आहे. त्याच वर्षी १४ जुलैपासून नट ११८ दिवस संपावर होते आणि जो तो आपापले सेंटांतले चेक समाजमाध्यमांवर टाकत होता. माझा ११ सेंटवाला मीही टाकला, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अभिनयाला ४०० लाइक मिळाले.

तोड अशी, की स्ट्रीमिंगसाठी बनवलेला मोठ्या बजेटचा कार्यक्रम पहिल्या ९० दिवसांत देशातल्या २० टक्के ग्राहकांइतक्या लोकांनी पाहिला तर बोनस, त्यातला काही भाग सगळ्यांच्या निधीत. माझं मोटेल यात बसत नाही.

रच्याकने, स्टुडिओ सिटीत 'रेसिड्युअल्स' नावाचा एक बार होता. एक डॉलरच्या आतला रेसिड्युअल चेक दाखवला की एक पेय फुकट. म्हणजे माझा चेक छापील किमतीच्या सत्तर-ऐंशी पट होता.

तिसरी_घंटा

आणि तुम्ही तो फ्रिजवर चिकटवून ठेवलात?

पसाडेनाकर

मी पीत नाही हो. गाडी चालवत घरी यायचं असतं.

गच्चीवरचा

धागा फार सुंदर झाला, सगळ्यांचे आभार. आईला एकेक प्रतिसाद वाचून दाखवतोय. तिचा पसाडेनाकरांना एकच प्रश्न आहे आणि तो खारीबिस्किट यांनी पहिल्याच दिवशी विचारलाय. ओळ काय होती?

पसाडेनाकर

आता काकूंनीच विचारलंय म्हणून सांगतो. पोलीस फोटो दाखवतो, मी फोटो बघतो, मग म्हणतो, "सात नंबरच्या खोलीत कोणीच राहत नाही."

खारीबिस्किट

आणि मग सातमध्ये कोण असतं???

पसाडेनाकर

माहीत नाही. मला माझं एकच पान दिलं होतं.

खारीबिस्किट

अहो पण नंतर पाहिलं असेल ना? पंधरा वर्षं रिपीट होतेय!

पसाडेनाकर

माझा प्रसंग झाला की मी चॅनल बदलतो.